बिरोबाचा मेंढा कोंडवाड्यात

“सोड त्याला! बिभीषण, सोड म्हनते न्हवं! हात झडतील तुजं!”

केराबाई डोक्यावरची घागर पारावर टाकून धावली, तोवर पंचायतीचा शिपाई बिभीषण मेंढ्याला कोंडवाड्याच्या दारापर्यंत घेऊन आला होता. घेऊन कसला, ओढून. मेंढ्याच्या गळ्यात नायलॉनचा हिरवा दोर, मागून ढकलायला हिंदुराव बागायतदाराचे दोन गडी, आणि मेंढा चारी पाय रोवून उभा. पौषातली थंडी, काळी माती भेगाळलेली, त्या भेगांत खुरं अडकवून ते जनावर हटायला तयार नव्हतं. तीन वर्षांत त्याच्या गळ्यात कुणी दोर घातलाच नव्हता, त्याला ओढलं की चालायचं असतं हे ठाऊक असणार कुठून?

“मावशे, माज्यावर कशाला वरडतीस?” बिभीषण धापा टाकत म्हणाला. “हिंदुराव मालकांच्या शाळूत घावलाय. पंचनामा झालाय, फोटू काढल्यात. मला सांगितलंय त्ये मी करतोय.”

“आरं, बिरोबाचा मेंढा हाय त्यो! देवाला कोंडतूस व्हय रं?”

“देवाला न्हाय, मेंढ्याला.” मागून हिंदुरावाचा आवाज आला. तो मोटारसायकल उभी करून, खाली न उतरता, आरामात बघत होता. “देव देवळात बसलाय, त्येला बसू दे की. मी काय त्येचं नाव घेतलं का?”

“शाळूत गेला तर हाकलायचा हुता. आजवर सगळ्यांच्या रानातनं फिरतोय त्यो.”

“सगळ्यांचं सगळ्यांनी बघावं. माजी दोन एकर मालदांडी जवारी तुडवलीया त्यानं. नियम हाय, ठराव हाय, कोंडवाडा हाय. तुला काय म्हनायचं ते पंचायतीत म्हन.”

बिभीषणने शेवटचा हिसका दिला, गड्यांनी मागून रेटा दिला, आणि मेंढा आत गेला. पत्र्याचं दार आपटलं. केराबाईने दारावर दोन्ही हात मारले. आतून मेंढा ओरडला.

हा कोंडवाडा काही आजचा नव्हे. दगडी चार भिंती आजोबांच्या काळातल्या. मधली वीस वर्षं त्यात ब्लीचिंग पावडरची रिकामी पोती, मोडका फवारा आणि निवडणुकीची बाकडी पडलेली असत. या दिवाळीनंतर पंचायतीला एकाएकी मोकाट जनावरांची आठवण झाली. ठराव झाला, भिंतीला चुना लागला, दारावर पाटी आली. जनावर सापडलं की कोंडायचं. मालकाने सात दिवसांत यायचं, जनावर आपलं असल्याचं लिहून द्यायचं, दंड आणि चाऱ्याचा खर्च भरायचा, ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई करायची, मगच सुटका. सात दिवसांत कुणी आलं नाही तर लिलाव. ठराव मांडणारा कोण? हिंदुराव. आता गावात मोकाट जनावरं म्हणाल तर दोन भाकड गाई, एक लंगडं गाढव आणि हा मेंढा. गाई आणि गाढव दोन महिन्यांत एकदाही कोंडवाड्यात गेली नाहीत. यावरून ज्याला समजायचं त्याने समजावं.

केराबाईला तर ते कोंडवाड्याच्या दारातच समजलं होतं. दसऱ्याच्या सुमाराला हिंदुराव तिच्या अंगणात येऊन बसला होता. चहा घेतला, मेंढ्याकडे बघत बसला. जनावर होतंच तसं. जतकडच्या माडग्याळी वाणाचं, उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, आणि नाक राघूसारखं बाक घेतलेलं. हिंदुरावाने दोन वर्षांपूर्वी हौसेने मेंढ्यांची शेड घातली होती आणि त्याला असा नर हवा होता. त्याने मोठा आकडा सांगितला. केराबाई म्हणाली, “देवाचा हाय. माजा असता तरी न्हाय म्हनले असते. आन माजा न्हायच तर इकू कशी?” हिंदुरावाने चहाचा कप खाली ठेवला आणि गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नव्हता.

मेंढा देवाचा कसा झाला, तर त्यामागे केराबाईचा मुलगा सिद्धनाथ. तीन वर्षांपूर्वी तो चिंचोळी एमआयडीसीत नुकता कामाला लागला होता आणि डेंगीच्या तापाने आडवा झाला. सोलापूरच्या दवाखान्यात प्लेटलेट रोज उतरत होत्या, डॉक्टर मान हलवत होते. केराबाई दवाखान्याच्या जिन्यात बसून बोलली होती, “बिरोबा, माजं पोरगं उठीव, कळपातलं सगळ्यात देखनं कोकरू तुला सोडते.” पोरगं उठलं. तिने कोकराच्या कपाळाला भंडारा लावला, देवळाभोवती पाच फेरे घातले आणि सोडून दिलं.

सोडलेल्या जनावराची रीत धनगरवाड्यात लहान पोरालाही पाठ असते. त्याला दोर लावायचा नाही. विकायचं नाही. कुणाच्या रानात चार घास खाल्ले तर हाकलावं, पण मारू नये. आणि ज्याने सोडलं त्याने पुन्हा कधी ‘हे माझं’ असं तोंडातून काढायचं नाही. काढलं तर दिलेलं परत घेतल्यासारखं होतं, आणि मग देवानेही दिलेलं परत घेतलं तर त्याला बोल कसा लावणार?

हिंदुराव धनगर नव्हता, पण गावातच वाढला होता. त्याने सापळा लावला तो नेमका याच जागेवर.

दुसऱ्या दिवशी केराबाई पंचायतीत गेली. ग्रामसेवक मृत्युंजय भाऊसाहेब अक्कलकोटकडचे, माणूस वाईट नाही, पण कागद म्हटला की त्यांना माणूस दिसत नसे.

“मावशी, अर्ज द्या. मालकाचं नाव लिहा.”

“बिरोबा.”

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. “बिरोबा सही करायला येणार आहेत का?”

“पुजाऱ्याला ईचारा की.”

“विचारलं. पुजारी म्हणाले, मेंढा देवाचा, पण भरपाई माझ्या गळ्यात नको.” भाऊसाहेब हसले नाहीत. “तुम्ही सोडलाय ना? मग तुम्हीच लिहून द्या, माझा आहे म्हणून. पाच मिनिटांचं काम.”

“त्येच लिवता येत न्हाय भाऊसाहेब. बाकी काय बी लिवा. चोरी केली म्हना, मी सही करते.”

“असं कसं लिहू?”

“मग तसं तरी कसं लिवू?”

रोज सकाळी ती कडब्याची पेंढी घेऊन कोंडवाड्यावर जायची. बिभीषण दार उघडायचा नाही, पण भिंतीवरून पेंढी टाकू द्यायचा. मेंढा आत चुन्याच्या भिंतीला अंग घासत उभा असायचा. त्याच्या पांढऱ्या अंगावर चुना दिसायचा नाही, पण गळ्याभोवती दोर काचून लाल झालेलं दिसायचं. केराबाई भिंतीला कपाळ टेकवून शिव्या द्यायची. हिंदुरावाला, बिभीषणला, पंचायतीला, आणि पाचव्या दिवशी तर बिरोबालाही. “तुजं हाय नव्हं? मग उठ की! देवळात कशाला बसलाईस?”

त्याच दिवशी तिने सिद्धनाथला फोन केला. मागे यंत्रांची घरघर होती.

“आई, लिहून दे आन सोडव. देव काय पंचायतीचं कागद वाचत बसतोय व्हय?”

“तुज्या जिवावरचं हाय रं त्ये.”

“माजा जीव दवाखान्यानं वाचवला.”

“गप. तसं बोलू नगस.” तिने घाईने फोन ठेवला. तो मशीनवर काम करतो, त्याची बोटं तासन्‌तास लोखंडाजवळ असतात, हे तिच्या डोक्यातून जाईना. आपण कागदावर एक ओळ लिहायची आणि तिकडे काही झालं तर? ती भ्यायली होती. सरळ सांगायचं तर हिंदुरावापेक्षा देवालाच जास्त भ्यायली होती.

सहाव्या दिवशी दगडाबाई आली. दगडाबाई तिची शेजारीण, दर रविवारी मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावणारी. ती चौकटीतच उभी राहून म्हणाली, “केरा, चहाच्या हाटेलात बोलनं चाललंय. उद्या लिलाव. हिंदुराव म्हनतोय, माज्यापुढं बोली लावायला कुनाची छाती हाय? दंडाच्या पैशात जनावर शेडवर जातंय. त्याच्यासाठी लोखंडी साखळी बी आनलीया म्हनं.”

केराबाईने चुलीत लाकूड सारलं, परत काढलं. मग उठली, बिरोबाच्या देवळात गेली आणि उभ्या उभ्याच बोलली. “उद्या मी खोटं बोलनार हाय. का बोलनार हाय ते तुला दिसतंय. फेडून घ्यायचं तर माज्याकडनं घे. पोराच्या केसाला लागलास तर मी तुज्या दारात परत पाय ठेवनार न्हाय.” एवढं बोलून ती नमस्कार न करता परतली.

सातव्या दिवशी पंचायतीसमोर माणसं जमली. लिलाव बघायला गाव जमतं, तसं जमलं होतं. हिंदुराव कडक इस्त्रीत, खुर्चीवर. भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि उपचार म्हणून विचारलं, “या जनावराचा कुणी मालक आहे का?”

“मी.” केराबाई पुढे आली. “माजा हाय.”

 धनगरवाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर जागेवरून हललं. त्याने सगळ्याचा हिशेब केला होता, बाई रीत मोडेल हा सोडून.

“इचार करून बोल केराबाई. देवाचा म्हनत हुतीस.”

“तुमी देवाला मानलं न्हाय. आता मला माना.” तिने भाऊसाहेबांच्या कागदावर ‘सदर जनावर माझ्या मालकीचे आहे’ या ओळीखाली सही केली. चार अक्षरांना तिला बराच वेळ लागला. दंड आणि चाऱ्याचे पैसे तिने पदराच्या गाठीतून काढून ठेवले. “आता दार उघडा.”

“थांबा,” हिंदुराव उठला. त्याचं हसू परत आलं होतं, आणि आता ते जास्त वाईट होतं. “मालक सापडला, लई चांगलं झालं. भाऊसाहेब, ठराव काय म्हनतोय? नुसकानीची भरपाई झाल्याबिगर जनावर सोडायचं न्हाय. माजी दोन एकर मालदांडी लिवून घ्या. आन गावाला बी सांगा. तीन वर्सं मोकाट फिरलाय. ज्याचं ज्याचं खाल्लंय, त्यानं यावं. आता मागायला माणूस हाय!”

आणि माणसं आली की! आधी एकजण कचरत पुढे आला, माझ्या हरभऱ्याचा एक वाफा गेला म्हणाला. त्याच्यामागे दुसरा, मका. तिसरा, करडई. ज्यांनी मेंढा रानात दिसला की देव पायाने आला म्हणून हात जोडले होते, तेच आता भाऊसाहेबांच्या टेबलाला खेटून नावं सांगत होते. देवाने खाल्लं तोवर नैवेद्य होता. केराबाईचं जनावर ठरल्याबरोबर ते नुकसान झालं. भाऊसाहेब कानडीत “ओंदु, एरडु, मूरु” मोजत लिहीत होते. कागद अर्धा भरला.

मग गर्दीतून दगडाबाई पुढे आली.

“तू बी?” केराबाईच्या तोंडून निघालं.

दगडाबाई जमिनीकडे बघत म्हणाली, “सगळं लिवाय लागल्यात गं. माजी बी घेवड्याची येल खाल्ली हुती त्यानं. गेल्या साली.”

“तूच तोडून घातली हुतीस, दगडे. स्वताच्या हातानं.”

“खाल्ली तर त्यानंच की.”

केराबाईला वाटलं, इथंच खाली बसावं. हिंदुरावाचं काही नाही, तो वैरी, वैऱ्याने वैऱ्यासारखं वागावं. पण ही बाई रोज संध्याकाळी तिच्या चुलीपुढे बसून बोलायची. केराबाई संतापली. तिने पदर खोचला.

“भाऊसाहेब, सगळ्यांचं लिवून झालं?”

“झालं.”

“मेंढा माजा. त्यानं खाल्लेलं माज्या माथी. बराबर?”

“बरोबर.”

“मग त्यानं दिलेलं कुनाच्या खात्यावर?”

“म्हणजे?”

“दुसरा कागद घ्या.” ती गर्दीकडे वळली. “ह्या गावात तीन वर्सांत मेंढी लावायला जतला कोन गेलंय? हात वर करा. कोन टेंपो करून गेलं, कुनी तितल्या नरवाल्याला पैसं मोजलं? एक बी न्हाय. का न्हाय? रानात जाऊन माजा मेंढा कुनाची मेंढी माजावर हाय ते हुडकीत हुता म्हनून. तुकाराम, तुज्या घरात राघूनाकाची किती कोकरं झाली? दगडे, तुज्या त्या तपकिरी ठिपक्याच्या कोकराचा बाप कोन गं? सांगोल्याच्या बाजारात काय भाव आला त्येला?”

कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“जतचा भाव फोनवर ईचारा, भाऊसाहेब. एका मेंढीचा जो आसंल त्यो लावा. आन कोकरू नर झालं आसंल तर इकल्याचा वाटा बी मागते मी. तितं मागत्यात, मी बी मागनार.”

हरभऱ्यावाल्याने सगळ्यात आधी पाय मागे घेतला. “माजं खोडा भाऊसाहेब. एका वाफ्याचं काय मोठं.” मग मका गेली. मग करडई. दगडाबाईचं नाव कुणी खोडलं ते कुणाला कळलं नाही, ती तोवर गर्दीत मिसळली होती. भाऊसाहेबांच्या कागदावर एकच ओळ उरली, सगळ्यात वरची.

“माजं ऱ्हाऊ द्या,” हिंदुराव म्हणाला. “मी खोडनार न्हाय. माजी मेंढरं बंदिस्त शेडात हायत. हिच्या मेंढ्याचा त्यांच्याशी काय संबंध?”

“व्हय?” केराबाई त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. “तुमच्या फोनच्या स्टेटसला गेल्या म्हैन्यात कोकराचा फोटू हुता. गुलाल लावलेला, हार घातलेला. सगळ्या गावानं बघितला, माज्या सिद्धनाथानं चिंचोळीत बघितला. कसलं नाक हुतं त्येचं? तुमच्या शेडातल्या मेंढ्या चपट्या नाकाच्या, तुमी इकत आनलेला नर चपट्या नाकाचा. मग ह्ये राघूनाक आलं कुटनं? माज्या मेंढ्याला कोंडायच्या आधी तुमीच गड्यांना शेडाचं दार उघडं ठेवायला सांगत हुता. ईचारा गड्यांना! हितंच उभं हायत.”

दोन्ही गडी एकमेकांकडे बघू लागले.

“चला भाऊसाहेब, शेडवर. पंचनामा करू. फोटू काढू. नाकं मोजू!”

आता मात्र गर्दी उघड हसली. ज्यांनी दोन मिनिटांपूर्वी तिच्याविरुद्ध नावं दिली होती, तेही हसले. हिंदुराव लाल झाला. तो काहीतरी बोलणार होता, पण भाऊसाहेब पेन वर धरून त्याच्याकडे बघत होते, आणि कागद म्हटला की ते कुणाचेच नव्हते.

“खोडा,” तो दात चावून म्हणाला. “देवाच्या जनावराशी काय वाद घालायचा.”

हे ऐकताच धनगरवाड्यातले म्हातारे सरसावले. “केरा, झालं गेलं. हिंदुराव बी देवाचा म्हनला. त्यो कागद फाड, भंडारा लाव आन सोड परत. बिरोबा मोठ्या मनाचा हाय, घील समजून.” बाकीच्यांनीही मान डोलावली. देवाचाच तो, देवाचाच. सगळ्या गावाला पुन्हा एकदा देव आठवला.

केराबाईने सगळ्यांकडे बघून घेतलं.

“न्हाय. देवाला मी दिला हुता. तुमी त्यो कोंडला, तुमी त्यो लिलावात काढला, आन मी ‘माजा’ म्हनल्यावर तुमी रांग लावून माज्या अंगावर आलात. आता देवाचं तोंड तुमी बघा. मेंढा माज्या घरला चालला.”

बिभीषणने दार उघडलं. केराबाईने हिरवा दोर आपल्या हातात घेतला. मेंढा पहिल्यांदा अडला, मग तिच्या हाताचा वास घेऊन मागून चालू लागला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती. जिंकल्याचं तिला काही वाटत नव्हतं. दावणीला बांधलेला देवाचा मेंढा रोज बघत जगायचं होतं, आणि रोज संध्याकाळी सिद्धनाथचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय घास उतरणार नव्हता. तो आवाज अजून धड येतो आहे, पण ती विचारायची थांबलेली नाही.

दगडाबाई दोनदा दारापर्यंत येऊन गेली. केराबाईने चुलीपुढची जागा दाखवली नाही.

शाळू निघाला, रानं मोकळी झाली, उन्हं तापू लागली. कळपांतल्या मेंढ्या माजावर येऊ लागल्या. केराबाई मेंढ्याला दोराने धरून तळ्यावर पाणी पाजायला न्यायची, आणि वाट हिंदुरावाच्या शेडवरून जाते. एका सकाळी आत एक मेंढी सारखी ओरडत होती. सोलापूरच्या बाजारातून घसघशीत भाव देऊन आणलेली होती ती. हिंदुराव बाहेर येऊन उभा राहिला.  मग इकडेतिकडे बघून, कुणी नाही याची खात्री करून, त्याने आवाज खाली आणला.

“केराबाई... दोर जरा ढिला सोड की. घटकाभर.”

केराबाईने दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.

“मोकाट फिरला तर तुमीच कोंडाल,” ती म्हणाली, आणि मेंढ्याला घेऊन तळ्याकडे चालू लागली.